मला हवा होता तिसरा नंबर

जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं पडलं की चेपतं, दूध लागलं की काळं होतं, एवढं मला माहीत होतं. ते विरघळतंही, हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने सिद्ध करून दाखवलं.

झालं असं, की माझी मोटारसायकल दम धरेना. टू-स्ट्रोक गाडी. त्या गाड्यांच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. त्यातलं काही जळतं आणि काही सायलेन्सरच्या पोटात काजळी होऊन बसतं. काजळी फार साठली की गाडीचा श्वास कोंडतो. माझी गाडी मुळात माझ्या नोकरीपेक्षा वयाने मोठी, सेकंडहँड घेतलेली. तिला कल्याण नाक्याचा चढसुद्धा दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढवावा लागायचा. तेव्हा मी चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे भिवंडीत आमच्या कामतघरच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री. आधी ते कापड विणायच्या लूम दुरुस्त करायचे, मग गाड्या दुरुस्त करायला लागले. दोन्हींत फरक एवढाच, की लूम ढकलत घरी न्यावी लागत नाही, असं ते म्हणायचे. त्यांनी सायलेन्सरच्या टोकातून आतली नळी बाहेर ओढली, माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "ये देखो. गाडी है या बीड़ी? इसको कॉस्टिक के पानी में दो घंटा डुबाओ, चाँदी जैसा निकलेगा. लेकिन..."

'लेकिन'च्या पुढे मी थांबलो नाही. युक्ती कळली की वाक्य संपेपर्यंत उभं राहायचा माझा स्वभाव नाही. कॉस्टिक सोडा मिळणं भिवंडीत अवघड नव्हतं. ओळखीच्या रंगाईवाल्याने कागदात बांधून दिलं. घरी आलो. बायको बालवाडीत शिकवायला गेलेली. नळी मावेल असं उभट भांडं शोधलं, तर फळीवर एक सुंदर, खोल, जर्मनचं पातेलं. पाणी ओतलं, कॉस्टिक घातलं, नळी सोडली आणि गॅलरीत ठेवून दिलं. पाणी खदखदायला लागलं. म्हटलं, वा! काजळी काय निघतेय!

निघत होतं ते पातेलं. चाचांचं पुरतं वाक्य होतं, "लेकिन लोहे के डिब्बे में, अॅल्युमिनियम में नहीं." ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

एक वाजता बायको आली. गॅलरीत काळं पाणी मोरीकडे धावत होतं आणि मध्ये नळी चमकत उभी होती.

"हे काय आहे?"

"नळी. बघ, कशी चकाकतेय!"

"नळीचं नाही विचारत. माझं पातेलं कुठाय?"

मी आजूबाजूला पाहिलं. "इथेच होतं," म्हटलं.

आणि ते खरंही होतं. वरचा काठ आणि दोन कान शिल्लक होते. तळाची चाळण झाली होती, तीही हात लावला तशी मोडली.

बालवाडीत शिकवणाऱ्या बाईशी लग्न केल्याचा एक तोटा असा, की ती कधी ओरडत नाही. खाली बसून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलते. "आता आपण काय केलं, ते नीट सांगायचं हं," ती म्हणाली. मी सांगितलं. ते पातेलं तिच्या आईने लग्नात दिलेलं होतं. पडघ्याच्या पलीकडे तिचं गाव. तिथल्या जत्रेत आईने स्वतः वाजवून वाजवून निवडलेलं. भात, भाजणी, पाहुणे आले की चहा, सगळं त्यातच व्हायचं.

"नवीन आणतो ना," मी म्हटलं. "आत्ता जाऊन आणतो."

"बाजारातलं नको. आणि तुम्ही आणलेलंही नको." तिने खिळ्याला तो उरलेला काठ अडकवला, नेमका माझ्या आरशाशेजारी. "या गाडीने माझं माहेरचं पातेलं गिळलंय. गाडीनेच आणून द्यायचं. माझ्या गावचं, स्वतः कमावून. भाऊबीजेपर्यंत मुदत. नाहीतर तो राहनाळचा माणूस विचारतोय ना, त्याला होय म्हणून टाका."

राहनाळचा माणूस म्हणजे तिथल्या एका गोदामातला सुपरवायझर. त्याला माझी मोटारसायकल हवी होती, बदल्यात तो स्कूटर देणार होता. स्कूटर चांगली होती, हे मी मान्य करतो. मागे स्टेपनी, पुढे पाय ठेवतात त्या जागी गॅसचा सिलिंडर मावतो, साडीला तेलाचे ठिपके पडत नाहीत. बायकोच्या बाजूने सगळे मुद्दे होते. माझ्या बाजूने एकच मुद्दा होता आणि तो तोंडाने सांगता येत नव्हता: सकाळी तिसऱ्या किकला ती गाडी फुटली, म्हणजे फटफटत सुरू झाली, की मला दिवसभर बरं वाटायचं.

आता गाडीने पातेलं कमवायचं कसं? आठ दिवस मी विचार केला. ऑफिसात पावत्या फाडता फाडता विचार केला. उत्तर घेऊन आले सासरे. दिवाळीचं आमंत्रण द्यायला ते एसटीने आले होते. चहा पिताना म्हणाले, "जावयबापू, यंदा भाऊबीजंला गाडी घेऊन या. मंडलानं जावयांची शर्यत ठेवलीय. हळू शर्यत."

"हळू म्हणजे?"

"हळू म्हंजी हळू. सगल्यांच्या शेवटी पोचंल तो पयला. मागं बायको बसवायची. दोघांतल्या कुणाचाबी पाय भुईला लागला का बाद. गाडी बंद पडली का बाद." ते हसले. "तुमच्या गाडीला बरी हाय. नायतरी ती हळूच जाते."

बायकोने विचारलं, "बक्षीस काय आहे, बाबा?"

"पयलं सरपंच देनार, त्यांनी झाकून ठेवलंय. दुसरं कळशी. तिसरं जर्मनचं पातेलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आरशाशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही तिकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्ये काय टांगलंय?"

"कला आहे," बायको म्हणाली. "ह्यांनी केली."

सासरे गेल्यावर तिने बजावलं, "तिसरा नंबर. पहिला नको, दुसरा नको. नीट ऐकलंत? वाक्य संपलंय माझं."

जगात पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारे पुष्कळ पाहिले. तिसऱ्यासाठी तालीम करणारा मीच असेन. रविवारी राहनाळच्या गोदामांचा रस्ता मोकळा असायचा. तिथे आम्ही दोघं पन्नास पावलं अंतर मोजून गाडी हळू चालवायला शिकत होतो. ज्याला गाडी द्यायची नव्हती त्याच्याच गोदामापुढून आम्ही मुंगीच्या वेगाने जायचो, आणि तो दारात उभा राहून आपल्या होणाऱ्या गाडीकडे प्रेमाने पाहायचा.

टू-स्ट्रोक गाडीला हळू जाणं मानवत नाही. तिला वारं लागतं. हळू नेली की पेट्रोलमधलं तेल जळत नाही, प्लगवर चढून बसतं, प्लग ओला होतो आणि गाडी खोकते, मग गप्प. त्या काळी माझ्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जादा प्लग असायचा. ऑफिसात एकदा हेडक्लार्कने सहीसाठी पेन मागितलं तेव्हा मी तोच पुढे केला होता.

तेव्हा हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा कार्ब्युरेटर बरोबर लावायला हवा. त्यासाठी इंजिनाचा हलका आवाज ऐकू यायला हवा, आणि आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना लूम. दिवसभर खटाक-खट, खटाक-खट. आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलताना ओठ वाचायची. लाइट गेली की सगळी भिवंडी हळहळायची. मी एकटा स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्यावरून खाली पळायचो. त्या शांततेत गाडी चालू करायची, स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर, कान लावून ऐकायचं. लाइट आली की लूम सुरू, आणि माझं काम बंद. शेजारचा लूममालक म्हणायचाही, "भाईसाब, बत्ती जाती है तो आप ऐसे खुश होते हो, जैसे ईद का चाँद दिखा."

एकदा मी असाच खाली बसून स्क्रू फिरवत होतो आणि लाइट आली. लूम गरजायला लागल्या. मी निराश होऊन हत्यारं आवरू लागलो, तर बायको वरून गॅलरीतून ओरडली, "अजून जरा बाहेर घ्या! अडखळतेय ती!"

मी पाव फेरा बाहेर घेतला.

"जास्त झाला! अर्धा परत!"

घेतला. माझ्या कानाला लूमशिवाय काही ऐकू येत नव्हतं. गाडीवर हात ठेवला तेव्हा कळलं, थरथर एकसारखी झाली होती. मी वर जाऊन विचारलं, "तुला एवढ्या गोंगाटात ऐकू कसं येतं?"

"चाळीस मुलं रडत असतात तेव्हा त्यातलं कोणतं खरं रडतंय, ते ओळखावं लागतं," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

भाऊबीजेला सकाळी निघालो. निघताना मी एक चूक केली, छोटीशी. पेट्रोलमध्ये तेल घालायचं माप म्हणजे चाचांनी दिलेलं एक झाकण. मोठा दिवस म्हणून मी प्रेमापोटी दोन झाकणं जास्त घातली आणि गाडी डावीकडे-उजवीकडे हलवून ते मिसळलं. बायकोने पाहिलं. "भजी तळायचीत का?" एवढंच म्हणाली.

हायवेला गाडी काय सुटली! सायलेन्सर मोकळा, हवेत गारवा, दोन्ही बाजूंना कापायला आलेलं पिवळं भात. पडघ्याला ट्रकांच्या रांगेशेजारून जाताना मी गाणं म्हणत होतो, असं बायको सांगते. मागे धुराचा पांढरा पडदा इतका दाट होता, की आम्ही कुठून आलो ते आम्हालाच दिसत नव्हतं. गावात शिरलो तेव्हा सासरे अंगणात उभे. "ही गाडी हाय का डास मारायचं मशीन?" त्यांनी विचारलं. आणि सासूबाईंनी आल्या आल्या ओवाळायच्या आधीच विचारलं, "पातेलं बरं हाय ना गं?"

"आहे ना," बायको म्हणाली. "ह्यांनी तर घासून घासून पार पातळ केलंय."

लवकर पिकणारं हळवं भात कापून झालेल्या एका शेतात शर्यत होती. बांध फोडून लांबट पट्टा सपाट केलेला, फक्कीच्या दोन रेषा, बाजूला भाताच्या पेंढ्यांवर अख्खं गाव बसलेलं. टेबलावर कळशी, पातेलं आणि टॉवेलने झाकलेलं काहीतरी. पातेलं मी दोनदा निरखलं. तसंच खोल, तसेच कान.

जावई अकरा. बायका साड्या सावरून एका बाजूला बसलेल्या, मागून त्यांचे भाऊ चिडवताहेत. "ताई, घट्ट धर, नायतर दाजी एकलाच जिंकंल!" शिट्टी वाजली.

पहिल्या दहा पावलांत पाच जण बाद. एकाची गाडीच बंद पडली, एकाने सवयीने पाय टेकला, एकाच्या बायकोने घाबरून उडीच मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही या मागनं." मी क्लच अर्धा दाबून, श्वास पूर्ण दाबून चाललो होतो. मागून बायको कानाशी बोलत होती, वर्गात बोलते त्याच आवाजात, "थोडा दम द्या. आता सोडा. डावीकडे ढेकूळ आहे, माहीत आहे तिला. आता परत थोडा. शहाणी ती." शेवटचे दोन शब्द मला नव्हते.

अर्ध्या पट्ट्यात आणखी तीन गेले. उरलो तिघं. एक पडघ्याचा जावई, जाड आवाजाच्या नव्या फोर-स्ट्रोक गाडीवर, एक मोपेडवाला, त्याच्या मागे माझ्या बायकोची मावसबहीण, आणि आम्ही.

तीन उरले, बक्षिसं तीन. आता या तिघांत जो आधी पोचेल तो तिसरा. म्हणजे आता हळू जायचं नव्हतं, तर पळायचं होतं!

"आलं पातेलं," मी कुजबुजलो. "काढू का पुढे?"

"काढा," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. मला वाटलं भीतीने. ती हसत होती.

मी अॅक्सिलरेटर पिळला.

गाडी पळाली नाही. इतका वेळ हळू चालून प्लगवर तेल चढलेलं, त्यात माझी प्रेमाची दोन झाकणं. ती भर्र झाली, दबली, खोकली आणि तिने आतून असा काही धूर सोडला, की टेबलामागची मंडळी उभी राहिली. मी आणखी पिळला. आणखी धूर. वेग होता तोच. किंबहुना थोडा कमी.

"पिळू नका! मरेल ती!" बायको ओरडली. "सोडा. सोडा. जरा दम खाऊ द्या तिला. आता अगदी थोडं."

आता पातेलं राहू दे, गाडी बंद पडून बाद व्हायची वेळ आली होती. मी ती सांगेल तसं करत गेलो. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त खांद्यावर तिचा हात कळत होता. एरवी ती मागचा लोखंडी दांडा धरून बसते. तो हात तिथे कधी आला कोण जाणे. बोट जरा दाबलं की द्यायचं, जरा सैल झालं की सोडायचं.

धुरातून आवाज ऐकू आले. मोपेडवाला आधी खोकायला लागला, मग त्याची बायको हसायला लागली, मग तिची चप्पल पडली आणि ती उचलायला तिने बिनदिक्कत पाय टेकला. "बाद! बाद!" गाव ओरडलं. म्हणजे तिसरा नंबर गेला. पडघ्याचा जावई आणखी चार पावलं टिकला. मग डोळे चोळायला त्याने एक हात सोडला, आणि एका हाताने त्याची ती जड गाडी कुठली सांभाळते, टेकला पाय.

आम्ही धुरातून बाहेर आलो तेव्हा मैदानात आम्ही एकटेच होतो. तरी बायको म्हणत होती, "हळू... हळू..." फक्कीची रेष ओलांडली आणि गाडी आपण होऊन बंद पडली.

पहिला नंबर!

सासरे पेंढ्यांवर उभे राहून टोपी फिरवत होते. गावाने आम्हाला गाडीसकट उचलायचा प्रयत्न केला; गाडीचं वजन कळल्यावर फक्त टाळ्या वाजवल्या. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलेला माणूस, रडवेला चेहरा करून पाहत होतो, की मावसबहीण माझं पातेलं डोक्यावर घालून नाचतेय. सरपंचांनी टॉवेल बाजूला केला. प्रेशर कुकर होता.

मी मावसबहिणीकडे गेलो. "ताई, बदलायचं का? कुकर घे."

"कुकर हाय माझ्याकडं, भावोजी. पातेलंच नव्हतं." मग संशयाने, "तुमी पयले आलाव आन पातेलं मागताव?"

बायकोने मला बाहीला धरून बाजूला नेलं. सासूबाई मात्र खूश होत्या. "बरं झालं. आता पातेलंबी हाय न् कुकरबी हाय."

परतताना मी प्लग बदलला, पण गाणं म्हटलं नाही. बायको कुकर मांडीवर घेऊन बसली होती. गाडी मात्र भिवंडीपर्यंत एकदाही अडखळली नाही. जणू तिला माहीतच नव्हतं की तिचं काय ठरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहनाळचा सुपरवायझर स्कूटर पुसूनबिसून घेऊन आला. मी खाली गेलो. किल्ली काढायला खिशात हात घातला, तर प्लग हाताला लागला. दुसऱ्या खिशात पाहिलं. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्याच खिशात पाहिलं. माणूस एवढ्या हळू किल्ली शोधू शकतो, हे त्या शर्यतीच्या पंचांनी पाहायला हवं होतं.

त्याने गाडीला एक किक मारून पाहिली. दुसरी मारली. तिसऱ्या किकला ती फुटली. लूम जोरात चालू होत्या. वर गॅलरीत बायको कान देऊन उभी होती.

"भाऊ," तिने वरून हाक मारली, "चहा घेऊन जा. गाडी द्यायची नाही आम्हाला. पहिली आलीय ती आमच्या गावात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही आत्ताच कळलं होतं. तो भला माणूस, चहा घेतला, आरशाशेजारचा पातेल्याचा काठ पाहून "हे काय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

मी दारात उभा राहून, मनातलं सगळं एका वाक्यात कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. बायकोने कुकर फळीवर ठेवला, अगदी पातेल्याच्याच जागी. मागे सरून पाहिलं, मग माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांच्या उंचीला येऊन म्हणाली,

"हाही जर्मनचाच आहे हं. नीट बघून ठेवा. यात नळी बुडवलीत, तर गाडी घरात राहील आणि राहनाळला तुम्ही जाल."